चांदीच्या स्मारक नाण्यांचा संच विकायचा असेल तर

घरातल्या कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात कधीतरी एक चपटी डबी सापडते. आत मखमलीच्या खोबणीत दोन नाणी असतात, एक मोठं आणि एक लहान. सोबत टांकसाळीचं नाव छापलेलं कार्ड आणि कुणाच्या तरी जन्मशताब्दीचा उल्लेख. बँकेत, रेल्वेत किंवा सरकारी खात्यात नोकरी केलेल्या वडिलांनी नाहीतर आजोबांनी पगारातून पैसे बाजूला काढून ती मागवलेली असते. ते गेल्यावर डबी उघडली जाते आणि घरात पहिला विचार निघतो तो सराफाकडे नेण्याचा. माझं आग्रहाचं सांगणं असं की सराफाकडे जायचंच असेल तर सगळ्यात शेवटी जा. त्याआधी करायची कामं घरबसल्या होण्यासारखी आहेत, त्यांना खर्च जवळजवळ नाही, आणि ती न केल्यामुळेच बहुतेक घरांचं नुकसान होतं.

आधी हे ठरवा की हातात आहे ते नाणं आहे की पदक. धनत्रयोदशीला सराफाकडून घेतलेलं लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं ‘नाणं’ कायद्याच्या दृष्टीने नाणं नव्हे, तो चांदीचा तुकडा आहे. संस्थांनी, कारखान्यांनी, पतपेढ्यांनी सुवर्णमहोत्सवाला वाटलेली चांदीची चकतीही तशीच. भारत सरकारच्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात, ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही अक्षरं असतात आणि रुपयांतली किंवा पैशांतली किंमत कोरलेली असते. असा किमतीचा आकडा नसेल तर ते पदक समजा. पदक टांकसाळीने पाडलेलं असलं तरी त्याचा बाजार वेगळा आहे आणि बहुतेक वेळा तो चांदीच्या भावाशीच थांबतो.

सरकारी नाणं आहे हे नक्की झालं की त्यात चांदी किती ते पाहायचं. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढलेलं. एक रुपया आणि पन्नास पैशांची ही नाणी निकेलची आहेत. त्यात चांदी अजिबात नाही, तरी कितीतरी घरांत ती चांदीची म्हणून रेशमी कापडात बांधून ठेवलेली असतात. चांदी आली ती १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के. त्याच मालिकेतला रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे होते आणि वीस पैशाचं पिवळं नाणं ॲल्युमिनियम-ब्राँझचं. हे दहा रुपयांचं नाणं लाखांच्या संख्येने पाडलं गेलं, म्हणूनच ते आजही घरोघरी सापडतं.

१९७० आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मालिकेत दहा रुपयांची नाणी आली. त्यांचं वजनही १५ ग्रॅम आणि चांदीही ८० टक्के. मग १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं आलं आणि त्यात चांदी ५० टक्क्यांवर उतरली. हे नाणं साडेबावीस ग्रॅमच्या आसपास भरतं, हातात चांगलं जड लागतं आणि दिसायला गांधीजींच्या नाण्यापेक्षा मोठं आहे. पण हिशेब केला तर गांधीजींच्या नाण्यात १२ ग्रॅम चांदी आहे आणि या मोठ्या नाण्यात सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास. वजनावर विसंबणारा माणूस इथे चुकतो. १९७३ चं वीस रुपयांचं नाणं ३० ग्रॅमचं, चांदी ५० टक्के. १९७४ पासून पन्नास रुपयांची आणि १९८० पासून शंभर रुपयांची नाणी सुमारे ३५ ग्रॅमची आली, त्यांतही चांदी निम्मीच. याच काळातल्या संचांत जोडीला दहा रुपयांचं जे मोठं पांढरं नाणं असतं ते तांबं-निकेलचं आहे. दोन्ही नाणी एकाच डबीत, दोन्ही पांढरी, त्यामुळे दोन्ही चांदीची असं गृहीत धरलं जातं.

पुढे कित्येक वर्षं एकच मिश्रण ठरून गेलं: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. लोकमान्य टिळकांच्या १५० व्या जयंतीचं २००७ मध्ये आलेलं शंभर रुपयांचं नाणं, रवींद्रनाथांचं २०११ चं दीडशे रुपयांचं, ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं १२५ रुपयांचं, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं, ही सगळी याच घडणीची. अपवाद ठळक आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं २०१० चं हजार रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचंच आहे, पण त्यात चांदी ८० टक्के. रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली तेव्हा २०२४ मध्ये काढलेलं ९० रुपयांचं नाणं ४० ग्रॅमचं आणि शुद्ध चांदीचं आहे. शंका असेल तर भारताच्या राजपत्रात पाहा. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालय अधिसूचना काढतं आणि तिच्यात धातू, वजन, व्यास, कडेवरच्या रेषा, दोन्ही बाजूंवरचा मजकूर असं सगळं लिहिलेलं असतं. सरकारी नाण्यावर हॉलमार्क नसतो. त्याचा दाखला म्हणजे ही अधिसूचना.

आता धातूची किंमत काढू. वजन गुणिले चांदीचं प्रमाण गुणिले त्या दिवशीचा एका ग्रॅमचा भाव. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाव शंभर रुपये ग्रॅम धरू. तुम्ही त्या दिवशीचा खरा भाव घाला. गांधीजींचं नाणं १,२०० रुपये. ३५ ग्रॅमचं निम्म्या चांदीचं नाणं १,७५० रुपये. बृहदीश्वराचं २,८०० रुपये. नव्वद रुपयांचं ४,००० रुपये. हा झाला तळ. याच्याखाली कुणी भाव सांगत असेल तर तो का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सराफ खाली सांगतो त्याला कारणही असतं. चार धातूंच्या मिश्रणातून चांदी वेगळी काढायला खर्च येतो, म्हणून तो घट धरतो आणि निम्म्या चांदीच्या नाण्याला निम्म्याहूनही कमी भाव देतो. त्याचा हिशेब नाणं वितळवण्याचा असतो. आणि मूळ अडचण तिथेच आहे.

भारताच्या नाणे अधिनियम, २०११ नुसार सरकारने काढलेलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. याच कायद्याने ‘नाणं’ या शब्दाच्या व्याख्येत स्मारक नाणंही घेतलेलं आहे. तेव्हा ‘मोड’ म्हणून स्मारक नाणं देण्याचा विचार पहिल्यापासूनच चुकीचा ठरतो. जो घेणार तो वितळवायला घेणार असेल तर तुम्ही ते त्याच्या हाती देऊ नये. कायदा बाजूला ठेवला तरी मला हे मनापासून वाटतं: टांकसाळीतल्या कारागिराने एका माणसाचा चेहरा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या धातूत उतरवलेला असतो, तो मुशीत जाऊ नये.

तळ कळला. त्यावर किती मिळेल हे ठरवतात संग्राहक, आणि ते नाण्याकडे वेगळ्याच नजरेने पाहतात.

त्यांचा पहिला प्रश्न असतो: प्रूफ की अनसर्क्युलेटेड? टांकसाळ हे संच दोन प्रतींत विकते. प्रूफ नाण्यासाठी ठसा आणि धातूची चकती दोन्ही खास झिलई देऊन तयार करतात आणि ठसा एकाहून अधिक वेळा दाबतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी चमकते आणि चित्र दुधी दिसतं. अनसर्क्युलेटेड म्हणजे चलनात न फिरलेलं, पण साध्या पद्धतीने पाडलेलं नाणं. त्याची झळाळी सगळीकडे सारखी असते. प्रूफ संख्येने कमी, म्हणून बहुधा महाग. दुसरा प्रश्न टांकसाळीचा. साल जिथे असतं त्याच्याखाली भिंगातून पाहा. चौकटीसारखी छोटी टिकली दिसली तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर टिकलीऐवजी इंग्रजी अक्षर असतं. जुन्यांवर ‘बी’, शहराचं नाव बदलल्यानंतरच्या नाण्यांवर ‘एम’. एकाच विषयाचं नाणं दोन टांकसाळींत पाडलं गेलं असेल तर एक मुबलक आणि दुसरं दुर्मीळ असू शकतं. किमतीतला फरक कधीकधी या एका खुणेवर असतो.

तिसरी गोष्ट डबी. मूळ डबी, आतला प्लास्टिकचा साचा, टांकसाळीचं माहितीपत्रक, बाहेरचा पुठ्ठा, मागणीची पावती, टांकसाळीहून आलेलं पाकीट, यातलं काहीही टाकू नका. घर आवरताना पहिली डबी फेकली जाते, कारण ती फाटकी दिसते आणि नाणं तेवढं चकचकीत असतं. संग्राहकाला संच पूर्ण हवा असतो. डबीवाचून आलेल्या नाण्याला तो सुटं नाणं म्हणतो आणि भाव तसाच लावतो. संचातलं तांबं-निकेलचं छोटं नाणंही तितकंच महत्त्वाचं. त्याच्या धातूला काही किंमत नसली तरी ते नसेल तर संच मोडला.

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची, नाण्याची स्थिती. आपल्या घरांत चांदी काळी पडली की ती उजळायची, ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. चिंच, रिठा, दंतमंजन, राख, आता बाजारात मिळणारी पावडर. समईला ते चालतं. नाण्याला नाही. चोळल्याबरोबर पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे उठतात, डोळ्यांना ते दिसले नाहीत तरी जाणकाराला भिंगाखाली लगेच दिसतात, आणि ते परत जात नाहीत. प्रूफ नाण्यावर तर एका पुसण्यात आरसा मरतो. चांदीवर हवेतल्या गंधकामुळे चढलेली करडी-निळी छटा हा दोष नव्हे. ती एकसारखी असेल तर कितीतरी संग्राहकांना ती आवडते. लक्ष्मीपूजनाला नाण्यांवर हळद-कुंकू वाहण्याची पद्धत आहे, तिथेही माझी विनंती अशी की संचातली नाणी डबीतच ठेवून डबीची पूजा करा. ओल्या कुंकवाचा डाग ४० टक्के तांबं असलेल्या मिश्रधातूवर लवकर बसतो.

नाणं हाताळायची वेळ आलीच तर खाली मऊ कापड अंथरा आणि कडेवर दोन बोटांत धरा. चेहऱ्यावर बोट टेकलं की घामातला क्षार तिथे राहतो आणि काही महिन्यांनी बोटाचा ठसा उमटतो. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांपासून सावध राहा. ही पाकिटं पीव्हीसीची असतात, वर्षांनुवर्षं त्यांतून चिकट द्रव पाझरतो आणि नाण्यावर हिरवट थर बसतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेमुळे हे लवकर होतं. असा थर दिसला तर नाणं घासू नका, जाणकाराला दाखवा. शुद्ध ॲसिटोनमध्ये नुसतं बुडवून तो निघू शकतो, पण हे काम सराव असलेल्या माणसाचं आहे. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्याजवळ नको. डबीच्या शेजारी शोषक सिलिका जेलची पुडी ठेवली तर पुरे. एखाद्या नाण्याला आजीने कडी लावून गळ्यात घातलं असेल तर ते दागिना म्हणून जपा. संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत डाग लावला त्याच दिवशी गेलेली आहे.

खरेपणा घरी तपासता येतो. लोहचुंबक लावा, चांदीची नाणी चिकटत नाहीत. एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आता स्वस्तात मिळतो. वजन राजपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहा. व्यास मोजा, कडेवरच्या रेषा एकसारख्या आहेत का ते बघा. अक्षरं बोजड, कडा गोलसर, चेहऱ्याचे बारकावे पुसट, असं असेल तर साच्यात ओतलेली नक्कल असण्याचा संभव मोठा. टंच बघायचाच असेल तर ज्याच्याकडे क्ष-किरणांचं टंच मशीन आहे त्याच्याकडे जा. त्यात नाण्याला धक्का लागत नाही. कसोटीवर घासू देऊ नका, कानस लावू देऊ नका. ‘जरा कडेला बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातून नाणं नम्रपणे परत घ्या.

एवढं झालं की यादी करा. प्रत्येक संचासाठी विषय, साल, नाण्यांच्या रकमा, टांकसाळ, प्रूफ की साधा, डबी आणि कागद आहेत का, दिसणारे दोष, धातूची किंमत. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे आणि डबीचे फोटो काढा. ही यादी हातात असलेल्या माणसाशी व्यापारी वेगळ्या भाषेत बोलतो, हे तुम्हाला पहिल्याच भेटीत जाणवेल.

मग बाजारभाव. इंटरनेटवर एखाद्या संचाला कुणी पन्नास हजार मागतो आहे, यावरून काहीही सिद्ध होत नाही. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फार अंतर असतं. लिलावगृहांच्या जुन्या लिलावांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. मुंबईत टोडीवाला ऑक्शन्स आणि ओसवाल, बंगळुरूत मरुधर आर्ट्स ही या व्यवसायातली जुनी नावं. तुमच्यासारखाच संच, त्याच टांकसाळीचा, त्याच प्रतीचा, किती वेळा आणि कितीला गेला हे पाहा. एका निकालावर जाऊ नका, दोन माणसांनी इरेला पडून भाव चढवलेला असू शकतो. छापील कॅटलॉग ओळख पटवायला उत्तम, पण चांदी इतकी चढली आहे की त्यांतल्या कितीतरी किमती आजच्या धातूच्या भावाच्याही खाली राहिल्या आहेत. आणखी एक सोपी खात्री करून घ्या: तुमच्याकडचा संच टांकसाळ अजूनही विकते आहे का? भारत सरकारच्या टांकसाळी ज्या महामंडळाकडे आहेत ते संच ऑनलाइनही विकतं. तिथे उपलब्ध असलेल्या संचासाठी कुणी जास्त पैसे मोजणार नाही.

इथे खरं ते सांगितलं पाहिजे. बहुतेक घरांत निघणारे संच धातूच्या किमतीपेक्षा थोडे किंवा बऱ्यापैकी वर जातात. दसपट, वीसपट भाव मिळणारे संच थोडे आहेत: कमी संख्येने पाडलेले प्रूफ, मूळ डबीतले सत्तरीच्या दशकातले पूर्ण संच, किंवा ज्यांचा विषय एखाद्या मोठ्या समूहाच्या जिव्हाळ्याचा आहे ते. आंबेडकरांच्या नाण्याला महाराष्ट्रात मागणी आहे ती चांदीमुळे नव्हे. टिळक किंवा तात्या टोपे यांच्या नाण्यांना पुण्यात आणि नाशकात जे गिऱ्हाईक सहज मिळेल ते गुवाहाटीत मिळेलच असं नाही. म्हणून विषयाप्रमाणे गाव निवडणं शहाणपणाचं.

विकायचं कुठे? संच दोन-चार आणि साधे असतील तर नाण्यांच्या प्रदर्शनात जा. पुण्यात, मुंबईत अशी प्रदर्शनं भरतात. एका छताखाली अनेक व्यापारी बसतात आणि तासाभरात चौघांचे भाव कळतात. पहिल्याला देऊन टाकू नका. व्यापारी बाजारभावाच्या बराच खाली घेणार हे धरून चाला. त्याला दुकान चालवायचं आहे, आणि माल कदाचित वर्षभर पडून राहणार आहे. चांगला, दुर्मीळ संच असेल तर लिलाव बरा. तिथे आधी लेखी विचारा: विक्रेत्याकडून कमिशन किती, फोटो-छपाईचा खर्च कुणाचा, राखीव किंमत ठेवता येते का, माल विकला गेला नाही तर परत कसा, आणि पैसे किती दिवसांत. थेट संग्राहकाला विकलं तर सगळ्यात जास्त मिळतं, पण त्याला वेळ आणि ओळख लागते. नाणे संग्राहकांच्या मंडळांच्या बैठकांना बाहेरच्या माणसालाही बहुधा येऊ देतात. दोन बैठकांना नुसतं बसून ऐकलंत तरी पुष्कळ कळेल. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात विकायला मात्र जाऊ नका. ती जागा घेणाऱ्यासाठी आहे. परदेशी संस्थेकडून नाण्याची प्रत ठरवून बंद पेटीत घालून घेण्याची सोयही आहे, पण साध्या संचाला तिचा खर्च परवडत नाही. फार उंची नाण्यालाच ती करावी.

अस्सल माल कसा दिसतो याची नजर तयार करायची असेल तर मुंबईत फोर्ट भागातलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय पाहा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, तेही पाहण्याजोगं आहे. तिथे नाण्यांच्या किमती सांगत नाहीत, पण नाणं कसं वाचायचं ते कळतं.

फसवणुकीबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे, कारण तिचे बळी बहुधा वयस्कर माणसं असतात. ‘तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा’ असं सांगणारा माणूस चोर आहे. त्याने रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं पत्र पाठवलं तरी चोरच आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तसं घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, भरायचे नसतात. मोबाइलवर पैसे स्वीकारताना पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवले आहेत, फक्त पिन टाका’ असा निरोप आला की फोन ठेवा. अनोळखी माणसाला घरी बोलवू नका, बँकेच्या शाखेत भेटा. पार्सल पाठवायचं तर पैसे खात्यात जमा झाल्यावर, विमा उतरवून, आणि बांधतानाचा व्हिडिओ काढून.

भावंडांत वाटणी करायची असेल तर संच फोडू नका. एकाला मोठं नाणं, दुसऱ्याला छोटं, तिसऱ्याला डबी, असं प्रेमापोटी केलं जातं आणि तिघांच्याही हाती काही राहत नाही. यादीतल्या किमती समोर ठेवा, अख्खे संच वाटून घ्या आणि कमी-जास्त रोखीने भागवा. कुणाला विकायचं आहे आणि कुणाला ठेवायचं आहे, हेही त्याच बैठकीत मोकळेपणाने बोला.

त्याच डबीत राणी व्हिक्टोरियाचे किंवा पंचम जॉर्जच्या पहिल्या काळातले रुपये निघाले तर ते वेगळे काढा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेण्याला बंदी आहे. परदेशात राहणारी मुलं आठवण म्हणून एखादा रुपया बॅगेत टाकतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कराचं थोडक्यात. चांदीची नाणी वैयक्तिक वापराच्या वस्तूंत मोडत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निर्णय आहे. त्यामुळे विक्रीतला नफा हा भांडवली नफा धरला जातो. वारशाने आलेल्या नाण्यांना वडिलांनी दिलेली किंमत आणि त्यांनी बाळगलेला काळ धरतात. २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेली असतील तर सध्या दर १२.५ टक्के. २००१ च्या एप्रिलपूर्वी घेतलेल्या नाण्यांसाठी १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं आणि त्याने कर कमी होतो, म्हणून मोठी विक्री करण्याआधी सनदी लेखापालाला एकदा विचारा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नका. कायद्याने मनाई आहे. पावती मागा आणि तिच्यावर नुसतं ‘चांदी, इतके ग्रॅम’ न लिहिता नाण्याचं नाव, साल आणि रक्कम लिहून घ्या.

आणि सगळं पाहून, विचारून, शेवटी संच विकायचा नाही असं ठरलं, तरी केलेली यादी वाया जाऊ देऊ नका. तिची एक प्रत डबीसोबत ठेवा आणि एक मुलांच्या हाती द्या. कोणत्या डबीत काय आहे, त्यात चांदी किती, भाव कुठे पाहायचा आणि कुणाला विचारायचं, हे त्यांना तुमच्या हयातीत, तुमच्या तोंडून कळू द्या.